एकुलता एक

सर्वांना जय भीम आणि जय ख्रिस्त.

हे दोन्ही नमस्कार माझ्या तोंडून एका दमात येतात, कारण आमच्या घरात ते तसेच नांदले. नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावात आजीचा भाऊ मिशनच्या शाळेत शिकला आणि ख्रिस्ती झाला. आजोबांनी १९५६ नंतर धम्म स्वीकारला. एका लग्नात त्रिशरण-पंचशील होतं, दुसऱ्यात पाळकसाहेब प्रार्थना घेतात, आणि दोन्ही मांडवांत पंगत वाढायला माणसं तीच.

म्हणून ‘बुद्ध आणि ख्रिस्त : शिकवणीची तुलना’ हा विषय आयोजकांनी दिला तेव्हा मी थोडा थबकलो. तुलना म्हटली की लोक तराजू काढतात. मला तराजू नको. मी एक शब्द घेऊन आलोय, आपल्या रोजच्या बोलण्यातला : एकुलता एक.

श्रावस्तीत एक बाई होती, किसा गौतमी. किसा म्हणजे कृश, हाडकुळी. गरीब घरातली म्हणून सासरी मान नव्हता. मुलगा झाला तेव्हा मिळाला. तो मुलगा नुकता पावलं टाकायला लागला आणि गेला. तिनं मृत्यू पाहिलेलाच नव्हता. पोराला कडेवर घेऊन ती दारोदार औषध मागत फिरली. कुणी तरी तिला जेतवनात बुद्धांकडे पाठवलं. बुद्धांनी सांगितलं, चिमूटभर मोहरी आण, पण ज्या घरात कुणी मेलेलं नाही अशा घरातून.

मोहरी कुणाच्या घरात नसते? फोडणीच्या डब्यात असतेच. प्रत्येक दारात बाई मूठभर द्यायला तयार. मग गौतमी पुढचं विचारायची आणि आतून उत्तर यायचं : सासरा गेला, लेक गेली, धनी गेला. संध्याकाळपर्यंत तिच्या पदरात मोहरीचा दाणा नव्हता, पण गावभराचं दुःख तिच्या कानावर पडलं होतं. तिनं पोराला स्मशानात ठेवलं, परत आली आणि भिक्षुणी झाली. थेरीगाथेत, म्हणजे भिक्षुणींच्या पाली कवितांच्या संग्रहात, तिच्या नावावर गाथा आहेत. मोहरीची ही हकिगत मात्र गाथांत नाही, ती अट्ठकथांनी, म्हणजे नंतरच्या टीकाग्रंथांनी, जपली.

एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. बुद्ध तिला ‘मूल मेलंय’ असं आधी म्हणाले नाहीत. ते तर सगळं गाव म्हणत होतं. त्यांनी तिला चालायला लावलं. तिला कळायचं होतं ते इतर बायांच्या तोंडून, त्यांच्या उंबऱ्यावर उभं राहून कळलं.

आता दुसरं गाव, गालीलातलं नाईन. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात सातव्या अध्यायात ही गोष्ट येते. येशू शिष्यांबरोबर वेशीपाशी पोहोचतो तेव्हा आतून अंत्ययात्रा बाहेर पडत असते. मेलेला मुलगा आईचा एकुलता एक आणि आई विधवा. ती काही मागत नाही. गौतमीनं औषध मागितलं होतं. ही बाई मागत नाही की बोलत नाही. येशूला तिचा कळवळा येतो. ‘रडू नको’ म्हणतो, पुढे होतो आणि तिरडीला हात लावतो.

इथे थांबा. यहुदी नियमशास्त्राप्रमाणे प्रेताला शिवणारा सात दिवस अशुद्ध. विटाळ हा शब्द आपल्या आजा-पणज्यांनी काय काय सोसून शिकला ते या सभेत सांगायची गरज नाही. म्हणून मला या गोष्टीत मुलगा उठून बसण्याआधीचा तो हात मोठा वाटतो. खांदेकरी थबकतात. मग येशू म्हणतो, ‘मुला, ऊठ.’ मुलगा उठतो, बोलू लागतो, आणि येशू त्याला आईच्या स्वाधीन करतो.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की वाद ठरलेला. मी तो लहानपणापासून ऐकलाय. ख्रिस्ती बाजूचा म्हणतो, तुमच्या बुद्धानं मूल उठवलं नाही, आमच्या प्रभूनं उठवलं. बौद्ध बाजूचा म्हणतो, तुमचा चमत्कार, आमचं सत्य. दोघंही बाईकडे पाठ फिरवून भांडतात. मी पंचशील घेतलेला माणूस आहे, चमत्कारावर माझा विश्वास नाही, हे मी माझ्या ख्रिस्ती मामेभावांना तोंडावर सांगतो. तरी लूकची गोष्ट वाचताना माझा गळा दाटतो. का, तर त्या मुलाला आईच्या हाती दिलं हे लिहिणाऱ्याला लिहावंसं वाटलं. शिवाय वेशीवर तिरडी थांबवणाऱ्या येशूची स्वतःची आई पुढे वधस्तंभाशी उभी राहते, आणि ते मरण कुणी थांबवत नाही. ख्रिस्ती माणूस ते दोन्ही प्रसंग बरोबर वाचतो. फक्त नाईन घेऊन त्याच्याशी वाद घालणं मला योग्य वाटत नाही.

मोहरी येशूच्याही तोंडी आहे. तिथे ती लहानपणासाठी येते : मोहरीच्या दाण्याएवढा विश्वास असेल तर डोंगर हलेल. गौतमीच्या गोष्टीत तीच मोहरी येते ती घरोघरी असते म्हणून.

करणीय मेत्त सुत्त, म्हणजे मैत्रीवरचं बुद्धांचं पाली सुत्त, तुमच्यातल्या पुष्कळांना पाठ असेल. ‘माता यथा नियं पुत्तं आयुसा एकपुत्तमनुरक्खे’ : आई जशी आपल्या एकुलत्या एक पुत्राला जिवापाड जपते, तसं अमर्याद मन सर्व प्राणिमात्रांबद्दल वाढवावं. आणि योहानच्या शुभवर्तमानात, तिसऱ्या अध्यायात : देवानं जगावर एवढी प्रीती केली की त्यानं आपला एकुलता एक पुत्र दिला. पालीतला एकपुत्त आणि मराठी बायबलमधला एकुलता एक पुत्र. प्रेम केवढं, हे सांगायला दोघांना दुसरं माप सापडलं नाही.

पण दिशा पाहा. सुत्तात जपायचं आहे, आणि ते तुम्ही-आम्ही करायचं आहे. योहानात द्यायचं आहे, आणि ते देवानं आपल्यासाठी केलेलं आहे. हा फरक वरवरचा नाही. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये तो नेमका मांडला : बुद्ध मार्गदाता, मोक्षदाता नव्हे. आमचे मामा प्रार्थनेत ‘तारणाऱ्या’ म्हणून हाक मारतात, ती हाक मला मारता येत नाही. आमचं ‘अत्त दीप’, म्हणजे स्वतःच स्वतःचा दीप हो, हे त्यांना एकटेपणाचं वाटतं. आम्ही हे एकमेकांना सांगितलंय आणि मग एका ताटात जेवलोय.

याच बाबासाहेबांनी जानेवारी १९३८ मध्ये सोलापूरच्या ख्रिस्ती समाजापुढे सांगितलं होतं की धर्मांचा अभ्यास करताना आपल्याला दोनच व्यक्तिमत्त्वांनी ओढून घेतलं, बुद्ध आणि ख्रिस्त. त्याच भाषणात दक्षिणेतल्या चर्चमध्ये जातवार बसतात याबद्दल त्यांनी कानही उपटले. आदर असा असतो असं मला वाटतं. ज्याच्याबद्दल आस्था नाही त्याचे कान आपण उपटत नाही.

मुंबईकरांसाठी एक गोष्ट जाता जाता. युरोपात संत जोसाफाटची कथा शतकानुशतकं वाचली गेली. राजानं मुलाला म्हातारपण, आजार, मरण दिसू नये म्हणून महालात ठेवलं, तरी त्यानं ते पाहिलंच आणि राज्य सोडलं. ओळखलीत ना? सिद्धार्थ गौतमाचीच ती. बोधिसत्त्व हा शब्द अरबीत बूदासफ झाला, जॉर्जियन आणि ग्रीकमधून फिरत जोसाफाट झाला आणि त्याचा २७ नोव्हेंबरला सण ठरला. विद्वानांनी हे एकोणिसाव्या शतकात सिद्ध केलं. पण त्याच्या कितीतरी आधी गोव्यातल्या दियोगो दो कुतो या पोर्तुगीज इतिहासकारानं बोरिवलीजवळच्या कान्हेरीच्या लेण्यांबद्दल लिहिताना म्हटलं होतं की इथले लोक सांगतात ती गोष्ट आमच्या जोसाफाटसारखी आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या आत्याचा मुलगा गेला. एकुलता एक. चूल पेटायची नव्हती. कडू घास मामाच्या घरून आला, पिठलं आणि भाकरी. तिसऱ्या दिवशी भन्तेजींनी किसा गौतमीची कथा सांगितली. आत्या गप्प होती. संध्याकाळी तिनं माझ्या ख्रिस्ती मामेबहिणीला जवळ बसवलं. ‘तुमच्या पुस्तकात पण अशी एक बाई हाय म्हणत्यात, ती वाच.’ बहिणीनं लूक उघडलं आणि वाचलं. मुलगा उठून बसला तिथे आत्यानं डोळ्यांना पदर लावला. मग विचारलं, ‘नाव काय तिचं?’

‘लिहिलेलं नाही, मावशी. गाव तेवढं आहे. नाईन.’

‘मग नाईनकरीण,’ आत्या म्हणाली.

आमच्याकडे दुसऱ्या गावाहून आलेल्या बाईला असंच म्हणतात. आत्या आता थकली आहे. दुपारी अंगणात बसली की आल्या-गेल्याला दोघींच्या गोष्टी सांगते, गौतमीची आणि नाईनकरणीची, जशा काही दोघी तिच्याच आळीत राहत होत्या.