नेसायला काहीच नाही!

श्रोतेहो, नमस्कार.

कपाट उघडलं की साड्या अंगावर कोसळतात, आणि तरी लग्नाला निघताना घरोघरी ऐकू येतं, "नेसायला काहीच नाही!" पुरुषमंडळी यावर हसतात. हसू नका. बाई खरं तेच सांगत असते. साडी असते हो, तिच्यावरचा ब्लाऊज होत नसतो.

साडी दहा वर्षांनीही तशीच बसते. ब्लाऊज मात्र दोन वर्षांत दंडाला काचायला लागतो, आणि तो त्या एकाच साडीसाठी शिवलेला असल्यामुळे त्याच्यापायी अख्खी साडी बाद होते. न्यूयॉर्कच्या फॅशन डिझायनर डोना कॅरन यांनी १९८५ साली एकमेकांवर अदलून-बदलून घालता येतील असे मोजकेच कपडे बाजारात आणले, ते फार गाजले. सगळ्यांच्या आत एक अंगासरशी बसणारा बॉडीसूट, बाकी सारं त्याच्यावर. आपल्याकडे ते काम ब्लाऊजचं.

म्हणून आवराआवरीला बसाल तेव्हा आधी साड्यांना हात लावू नका. ब्लाऊज काढा आणि एकेक घालून बघा. जो होत नाही तो उलटा करा. शिवणीत माया, म्हणजे आत दुमडलेलं जास्तीचं कापड, असेल तर उसवून सैल होईल, नसेल तर त्याचा मोह सोडा. मग नवे शिवायचे ते तीन-चारच. एक काळा, खणाचा, काठ बाहीवर घेऊन. तो इरकलवर चालतो, नारायणपेठवर चालतो, साध्या सुती साडीवर तर खुलतोच. एक सोनेरी, सणावाराला. एक-दोन सुती, रोजच्या वापराचे. अस्तर सुती घ्या आणि शिवायला टाकण्याआधी भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आटतं आणि वरचं कापड चुण्या धरतं. आणि शिंप्याला माया भरपूर सोडायला बजावा. तो कुरकुरेल, कुरकुरू दे.

एवढं झालं की कुठल्या साड्या उरतात ते आपोआप कळतं. आपले बहुतेक दिवस बँक, बाजार, कचेरीचे. कपाट मात्र लग्नांसाठी भरलेलं. मऊ झालेल्या सुती साड्या गोधडीला द्या, सिंथेटिक भांडेवालीला. जरीच्या ठेवायच्या त्या मलमलीत गुंडाळा, डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका, आणि अधूनमधून घडी बदला, नाहीतर रेशीम घडीवरच चिरतं. आईची साडी मात्र नेसत नसलात तरी राहू द्या. तिला हे नियम नाहीत.

आणि दिवाळीच्या खरेदीला निघाल तेव्हा तो काळा ब्लाऊज पिशवीत टाका. साडी आवडली की दुकानातल्या झगमगाटात नको, दाराशी उजेडात नेऊन त्याच्याशी लावून बघा. जमली तरच पैसे काढा.

नमस्कार.