राजाही मी, प्रधानही मीच

पत्रिकेवर विषय छापलाय तो असा: ‘टेबलटॉप रोलप्लेइंग खेळांत पात्रांवर उभे राहणारे सीन कसे चालवावेत’. आयोजकांनी समोर घड्याळ ठेवलंय, म्हणजे माझी ख्याती त्यांच्यापर्यंत पोचलेली दिसते. टेबलाभोवती बसून प्रत्येक खेळाडू एकेक पात्र होतो, बाकीचं जग आणि त्यातली माणसं गेम मास्टर चालवतो, अडलं की वीस बाजूंचा फासा ठरवतो, हे या खोलीत कुणाला सांगायला नको. ते सोडते आणि थेट माझ्या लाजिरवाण्या प्रसंगावर येते.

मी गेम मास्टर, माझ्या टेबलावर चार खेळाडू होते. त्यातल्या एकीचं पात्र म्हणजे सैन्यातून पळून आलेली बाई. तिच्या धाकट्या भावाला तिच्या जागी तुरुंगात टाकलेलं. सहा सेशन आम्ही या भेटीकडे सरकत होतो: ती दरबारात जाणार आणि राजासमोर उभी राहणार. मी तीन रात्री जागून तयारी केली. राजाचं आणि प्रधानाचं जुनं वैर, खजिन्यातली अफरातफर, राणीच्या माहेरचा दबाव, सगळं वहीत. राजासाठी खर्जातला आवाज, प्रधानासाठी नाकातला. आरशासमोर तालीम केली होती, हेही आता सांगून टाकते.

ती आत आली, गुडघ्यावर बसली आणि म्हणाली, “महाराज, माझा भाऊ...” राजा प्रधानाकडे वळला. प्रधानाने हरकत घेतली. राजा चिडला. प्रधानाने अफरातफरीची आठवण करून दिली. राजाने राणीचं नाव काढलं. मी खर्जातून नाकात आणि नाकातून खर्जात अशी रंगत गेले, घसा सुकला, पण काय सांगू, मजा येत होती! बावीस मिनिटं. आकडा नेमका आहे, कारण एकाने मोबाइलवर वेळ लावली होती. दुसऱ्याने फाशांचा मनोरा रचला होता, नऊ मजली. आणि जिचा सीन, ती अजून गुडघ्यावरच. शेवटी ती शांतपणे म्हणाली, “तुझ्या राजाचं आणि प्रधानाचं आटोपलं की हाक मार गं, मी जरा पाय मोकळे करून येते.”

हसताय ते सगळे गेम मास्टर. जे नुसतेच मान हलवताहेत ते खेळाडू, त्यांनी हे सोसलंय.

बरं, यात मी आळस केला असं कुणी म्हणू शकत नाही. घोडं नेमकं तिथेच अडलं. तयार केलेली माहिती वहीत गप्प बसत नाही, तिला बाहेर यायचं असतं. एनपीसीच्या, म्हणजे गेम मास्टर चालवतो त्या पात्राच्या, तोंडी ती घातली की आपल्याला वाटतं, आपण ‘पात्रं रंगवतोय’. (आवाजांबद्दल एक पोटविषय. पात्र म्हणजे आवाज, हा समज कुणी पसरवला? ज्यांच्या सगळ्या म्हाताऱ्या एनपीसींचा आवाज एकच असतो, त्यांनी हात वर करा. दोन? एवढ्या मोठ्या खोलीत दोनच प्रामाणिक माणसं.)

याच्या नेमकं उलट घडलेला प्रसंग आपल्या छंदाच्या उगमाशी आहे, आणि तो आपण नीट सांगत नाही ही माझी जुनी तक्रार. १९६९ साली अमेरिकेत डेव्हिड वेस्ली नावाच्या युद्धखेळाच्या पंचाने ‘ब्राउनस्टाइन’ नावाचा खेळ मांडला. नेपोलियनच्या काळातलं एक काल्पनिक जर्मन गाव, दोन सैन्यं येऊ घातलेली. त्याने फक्त सेनापती नेमले नाहीत. कुणाला महापौर केलं, कुणाला सावकार, कुणाला विद्यापीठाचा कुलगुरू, आणि प्रत्येकाला स्वतःचा हेतू दिला. झालं! लोक लढाईची वाट बघेनात. कोपऱ्यात जाऊन कुजबुजायला लागले, सौदे करायला लागले, पंचाला न विचारता. ठरवलेली लढाई राहिली बाजूला. वेस्लीला वाटलं, आपला खेळ फसला. खेळाडू म्हणाले, पुन्हा कधी? त्यांच्यातच डेव्ह आर्नेसन होता. त्याने पुढे ‘ब्लॅकमूर’ नावाच्या काल्पनिक जगातला खेळ चालवला, आणि १९७४ साली गॅरी गायगॅक्सबरोबर ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या रोलप्लेइंग खेळाच्या त्या तीन पुस्तिका आणल्या. आपण सांगताना भुयारं आणि ड्रॅगनपासून सुरू करतो. मला विचाराल तर आधी ती कोपऱ्यातली कुजबुज. पंचाच्या हातून खेळ सुटला, म्हणून तो आपल्यापर्यंत आला. इतिहासवाल्यांनी एवढी ढील मला द्यावी.

किती? आठच मिनिटं उरली? अरे देवा. नमनालाच घडाभर तेल गेलं. ज्यासाठी बोलावलंत ते आता भराभर.

मुख्य गोष्ट: सीनमध्ये एकाला दुसऱ्याकडून काहीतरी हवं असलं पाहिजे, आणि दुसऱ्याकडे ते न देण्याचं कारण पाहिजे. रॉबिन लॉज यांच्या २०१३ सालच्या ‘हिलफोक’ या खेळात हे चक्क नियम म्हणून आहे, एक मागणारा आणि एक देणारा. मागितलेली वस्तूही भावनेची: माफी, मान, विश्वास. मागणाऱ्याला ते मिळालं तर देणाऱ्याला टोकन, नाही मिळालं तर मागणाऱ्याला. म्हणजे हरलेला रिकाम्या हाताने उठत नाही, त्यामुळे लोक हरायला तयार होतात. तुमच्या खेळात टोकन नसेल तर नसू दे. सीन उघडण्याआधी खेळाडूला एवढंच विचारा: “तुझ्या पात्राला समोरच्याकडून काय हवंय?” ‘माहिती’ असं उत्तर आलं तर तो सीन दोन वाक्यांत सांगून मोकळे व्हा. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४च्या आवृत्तीत कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राच्या माहितीच्या कागदावर, बॉण्डचा, म्हणजे जिवाभावाच्या नात्याचा, रकाना आहे. तिथे लोक ‘भावासाठी जीव देईन’ लिहितात आणि वीस सेशन त्या भावाचं नावसुद्धा निघत नाही. ‘काय हवंय’ याचं उत्तर बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

सुरुवात उशिरा करा. महालाचं फाटक, पहारेकरी, जिना, काही नको. शेवटासाठी ‘फियास्को’ हा खेळ बघा, २००९चा, त्यात गेम मास्टरच नाही. आपली पाळी आली की सीन उघडायचा तरी, नाहीतर तो चांगला संपेल की वाईट हे ठरवायचं. दोन्ही एकाच्या हातात नाही. आपण मास्टर मंडळी दोन्ही धरून बसतो.

फासे. दोन खेळाडूंच्या पात्रांमध्ये ‘पर्स्वेजन’चा, म्हणजे मन वळवण्याचा, रोल नको. समोरच्याचं मन काय म्हणतं ते त्याच्या खेळाडूला माहीत आहे, फाशाला नाही. एनपीसीशी असेल तर खुशाल टाका, पण बोलणं होऊन गेल्यावर आणि एकदाच. गप्प खेळाडू हा विषय आज राहिला, तो खरं तर वेगळ्या व्याख्यानाचा.

दोन मिनिटं आहेत, त्यात दरबार पुरा करते. पुढच्या सेशनला मी वही घरी ठेवली आणि तोच सीन पुन्हा मांडला. राजा एकटा, बूट काढत बसलाय. तिला विचारलं, “तुला राजाकडून काय हवंय?” मला वाटलं, म्हणेल भावाची सुटका. ती बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “चुकलो, असं त्याने म्हणायला हवं.” सहा सेशन मी दुसऱ्याच मागणीची तयारी करत होते!

सीन चार मिनिटं चालला. राजाच्या वाट्याला जेमतेम तीन वाक्यं आली, त्यातलं शेवटचं: “चूक झाली असेल.”

ती उभी राहिली. “असेल?”

मी तिथेच कट केलं. चौघंही माझ्यावर ओरडले.

बरं, उठते. हो, तो प्रश्न मला सगळीकडे विचारतात. प्रधान बाहेर होता, दाराला आतून कडी घातली होती.