संत्र्याची साल, ओला नारळ आणि रव्याचा केक

नमस्कार मंडळी, आज आपण केक करायचाय, पण क्रीमबिम लावलेला नाही हं, साधा घरचा रव्याचा, त्यात ओला नारळ आणि संत्रं, अंडं नाहीये त्यामुळे उपासाचे दिवस सोडले तर घरात कोणालाही चालेल.

आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या सुमारास येणारी, नागपुरी संत्री बाजारात आली की हा केक करायचाच. लहानपणी आपण सगळ्यांनीच संत्र्याची साल चिमटीत दाबून भावंडांच्या डोळ्यात चिळकांडी उडवलीय, आठवतंय? ती चिळकांडी म्हणजे सालीतलं तेल, आणि संत्र्याचा खरा वास त्या तेलात असतो, रसात फार कमी. म्हणून नुसता रस घातलेला केक भाजल्यावर फक्त आंबटगोड लागतो, आणि मग लोक बाटलीतला इसेन्स ओततात. तो नका ओतू प्लीज, सालच वापरा!

फक्त साल किसताना जपून. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, त्यामुळे सोलायच्या आधी अख्खं संत्रं स्वच्छ धुवून पुसून घ्या आणि किसणीच्या अगदी बारीक बाजूवर हलक्या हाताने फिरवा, केशरी रंग निघाला की लगेच थांबायचं. खालचा पांढरा भाग कडू असतो. माझ्या पहिल्या केकमध्ये तो सगळा गेला होता, घरी कोणी दुसरा घास घेतला नाही, मला फार वाईट वाटलं होतं, नारळ सुद्धा मी स्वतः खवलेला होता.

दोन संत्र्यांची किसलेली साल एक वाटी साखरेत घाला आणि बोटांनी चोळा, दोन-तीन मिनिटं. ही स्टेप मला सगळ्यात आवडते. साखर हळूहळू ओलसर होते, फिकट केशरी दिसायला लागते, आणि वास असा सुटतो की आतल्या खोलीतलं माणूस विचारत येतं काय चाललंय म्हणून.

मग त्यातच पाऊण वाटी दही, त्याच संत्र्यांचा पाऊण वाटी रस, अर्धी वाटी पातळ तूप, चिमूटभर मीठ, दीड वाटी बारीक रवा आणि एक वाटी खवलेला नारळ. नारळ खवताना करवंटीजवळचा तपकिरी भाग येऊ देऊ नका, पांढराशुभ्र घ्या. सुकं खोबरं चालेल का, तर चालेल, पण तो ओलावा येत नाही, मी तरी ओलाच घेते.

आता झाकून अर्धा तास ठेवा. रवा फुगायला वेळ लागतो, घाई केली तर दाताखाली कचकच येते. गोव्यात नाताळला बाथ नावाचा रवा-नारळाचा केक करतात, बातिका पण म्हणतात, त्यात अंडी असतात, आणि त्याचं भिजवलेलं पीठ तर रात्रभर ठेवतात. त्यापुढे आपला अर्धा तास काहीच नाही. नंतर घट्ट वाटलं तर दोन चमचे दूध घाला.

एक चमचा बेकिंग पावडर आणि पाव चमचा खायचा सोडा मात्र अगदी शेवटी, कारण दही आणि रस दोन्ही आंबट, सोडा पडला की लगेच बुडबुडे यायला लागतात, तेच बुडबुडे केक फुलवणार आहेत, त्यामुळे भांडं आधीच तूप लावून तयार ठेवा, ढवळलं की ओता आणि थेट भाजायला. ओव्हन असेल तर आधी गरम केलेला, 180 डिग्री, 40 ते 45 मिनिटं. नसेल तर जुना कुकर काढा, शिटी आणि रिंग दोन्ही काढून ठेवा, तळाशी दोन वाट्या जाडं मीठ, वर स्टँड, पाणी अजिबात नाही, दहा मिनिटं तापवून मग केकचं भांडं आत आणि गॅस बारीक. साधारण 50 मिनिटं लागतात, पण चाळिसाव्या मिनिटाला सुरी खुपसून बघा, कोरडी आली की झाला.

गरम असताना कापू नका, भुगा होतो. दुसऱ्या दिवशी हा केक जास्त छान लागतो कारण नारळाचा ओलावा रव्यात मुरतो, पण ओला नारळ आहे, उन्हाळ्यात बाहेर ठेवू नका, फ्रिजमध्ये टाका, आणि खाताना तव्यावर थेंबभर तूप सोडून तुकडा दोन्हीकडून शेका, कडेचा नारळ जरा लालसर होऊ द्या आणि बाजूला चहा ठेवा.