तुमच्या शेअरचं मत कुणाला?

श्रोतेहो, नमस्कार.

मे १९७१. जनरल मोटर्स या अमेरिकी मोटार कंपनीची वार्षिक सभा. भागधारक असलेल्या एका चर्चने ठराव मांडलाय: वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेतला कारभार कंपनीने बंद करावा. संचालक मंडळ विरोधात. त्याच मंडळातले पहिले कृष्णवर्णीय संचालक, फिलाडेल्फियाचे धर्मगुरू लिऑन सलिव्हन, उठले आणि ठरावाच्या बाजूने बोलले. मंडळात ते एकटेच. ठराव साफ पडला.

पैसा कुठे लावू नये, हा प्रश्न तेव्हाही नवा नव्हता. त्याच फिलाडेल्फियात १७५८ मध्ये क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्या सभासदांना पंथाच्या कारभारातून दूर ठेवायचं ठरवलं होतं. आणि आपल्या देशाने तर १९४६ मध्येच, स्वातंत्र्याच्याही आधी, दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला होता.

सलिव्हन यांनी १९७७ मध्ये तिथल्या अमेरिकी कंपन्यांसाठी आचारसंहिता केली. जेवणाची जागा सर्वांना एकच, समान कामाला समान पगार. सक्ती मात्र नव्हती. पुष्कळ कंपन्यांनी सह्या केल्या, वर्णद्वेषी राजवट होती तशीच राहिली. १९८६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने राष्ट्राध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार झुगारून नव्या गुंतवणुकीवर कायद्याने बंदी घातली. पुढच्याच वर्षी सलिव्हन यांनी स्वतः जाहीर केलं की ही संहिता पुरी पडली नाही, कंपन्यांनी आता तिथून निघावं. ज्या नियमांना आपलं नाव आहे त्यांच्याबद्दल असं बोलायला मोठं मन लागतं. मला त्यांचं मोठेपण तिथे दिसतं.

आता आपल्या घरात येऊ. आपल्यापैकी कित्येकांची एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडातली हप्त्याची गुंतवणूक, दरमहा खात्यातून जाते. काही फंडांच्या नावात ‘ईएसजी’ असतं, म्हणजे पर्यावरण, समाज आणि कंपनीचा कारभार पाहून केलेली गुंतवणूक. नाव कुणीही लावेल, म्हणून सेबी या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेने २०२३ मध्ये अशा योजनांवर बंधन घातलं: किमान ८० टक्के पैसा त्या धोरणाप्रमाणेच गुंतवायचा. त्याआधी, २०२२-२३ पासून, शेअर बाजारात नोंदलेल्या, बाजारमूल्याने पहिल्या १००० कंपन्यांना पाणी, वीज, कामगार यांचा हिशेब वार्षिक अहवालात देणं सक्तीचं झालं.

आणि एक नियम मला फार मोलाचा वाटतो. या फंडांनी कंपन्यांच्या सभेत कोणत्या ठरावाला होकार दिला, कोणत्याला नकार, आणि तो पर्यावरण किंवा समाजाच्या कारणाने होता का, हे जाहीर करायचं असतं. फंड कंपनीच्या संकेतस्थळावर मतदानाचा तपशील उघडा. तुमच्या पैशाच्या जोरावर कुणी काय मत दिलं, ते तिथे ठरावागणिक लिहिलेलं सापडेल.