पाटणादेवीच्या मागचा डोंगर

नमस्कार श्रोतेहो.

पाटणादेवी ठाऊक नाही असं घर खानदेशात शोधावंच लागेल. कुणाचा नवस, कुणाचं जाऊळ, कुणाची नवरात्रातली ओटी. चाळीसगावपासून अठराएक किलोमीटर, म्हणजे सकाळी जाऊन, दर्शन घेऊन, जेवून संध्याकाळी घरी. देवीच्या पाठीशी उभा असलेला कन्हेरगड मात्र आपल्या फोटोत मागे येतो, तेवढीच आपली त्याची ओळख. आज त्याच्यावर चढायचं बोलू.

किल्ला म्हणून जाल तर थोडे हिरमुसाल. तट-बुरूज फारसे उरलेले नाहीत. जायचं ते झाडांसाठी. हा डोंगर सातमाळा-अजिंठ्याच्या रांगेतला, गौताळा-औट्रमघाट अभयारण्यातला. १९८६ साली हे अभयारण्य झालं. पावसाळ्यात इथं केदारकुंड, धवलतीर्थाच्या धबधब्यांना गर्दी लोटते. जायचं त्यांनी खुशाल जावं. मला विचाराल तर चढायला दिवाळी ते संक्रांत हा काळ बरा. वाट कोरडी असते, गवत पिवळं पडलेलं असतं आणि झाडं एकेक वेगळी ओळखू येतात. उन्हाळ्याचं नावच नको. मे महिन्यातलं आपलं ऊन मी काय सांगायचं?

वनखात्याच्या नाक्यावर नोंद करा आणि सकाळी लवकर वाटेला लागा. चढ मध्यम आहे. रमतगमत गेलात तर दीड-दोन तासांत माथा येतो, पण गावातला कुणी जाणता सोबत असू द्या, कारण गुरांच्या वाटा चकवतात. एखादा गुराखी भेटलाच तर पहिलं विचारेल, "पाणी शे ना रे भो संगे?" माणशी दोन लिटर तरी असू द्या.

खालच्या टप्प्यात साग, धावडा, पळस. जरा वर गेलं की अंजन दिसू लागतो. त्याचं पान तोडू नका, फांदी हलकेच खाली ओढून बघा. देठाशी जुळलेल्या दोन पाकळ्यांसारखं दिसतं. दसऱ्याला सोनं म्हणून लुटतो त्या आपट्याचा लहान भाऊच वाटावा. त्याचा पाला गुरं आवडीनं खातात, आणि लाकूड असं कठीण की कुऱ्हाडीची धार बोथट व्हावी. खडकाळ, उथळ मातीत तग धरायची त्याची जिद्द बघितली की हे झाड अस्सल खानदेशी वाटतं.

सालईपाशी मात्र पाच मिनिटं थांबाच. तिच्या खोडावरची साल आपणहून सुटत असते, कागदापेक्षाही पातळ. सुटलेला पापुद्रा उन्हात धरला तर आरपार उजेड दिसतो. खोडाला कुठं जखम झाली असेल तर तिथं डिंक गोठलेला असतो. बोटानं चोळून वास घ्या, देवघरातल्या धुपाची आठवण होईल.

मध्यावर कातळात कोरलेल्या गुहा लागतात. नागार्जुन कोठडी ही जैन लेणी, आत तीर्थंकरांची मूर्ती. जवळच सीतेची न्हाणी. सावलीत बसून कळण्याची भाकरी आणि ठेचा सोडायला ही जागा उत्तम, फक्त वर कपारीत आग्या मोहोळ नाही ना ते आधी बघा. बिडी-काडी पेटवू नका, अंगाला अत्तर लावून येऊ नका. मोहोळ उठलं तर पळायला जागा नाही. वानरांचा उपद्रव त्यामानानं किरकोळ, पिशवीचं तोंड बांधलं की झालं.

गुहांच्या वरची वाट मुरमाड आहे. चढताना काही वाटत नाही. उतरताना पाय घसरतो, तेव्हा पाऊल आडवं टाका. माथ्यावरून उत्तरेला चाळीसगावकडचं सपाट रान आणि दक्षिणेला एकामागं एक डोंगर दिसतात.

तीनच्या आत खाली या आणि महादेवाच्या जुन्या देवळाला वेळ ठेवा. याच पाटण्यात शके ११२८ चा शिलालेख सापडला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवायला इथं मठ काढला, त्याचा तो दानलेख. बराचसा संस्कृतात आहे, पण शेवटचा भाग चक्क मराठीत. इथं जो माल विकला जाईल त्यावर ग्राहकाकडून राजाला मिळणारा कर मठाला दिला, असं त्यात कोरलंय. म्हणजे या जंगलात एकेकाळी बाजार भरत होता, आणि त्या बाजाराच्या पैशावर पोरं गणित शिकत होती.