घटसर्प: जंतू आधीपासूनच घशात असतो, मग जनावर आजच का दगावते?

नमस्कार. संध्याकाळी दावणीला नेहमीसारखी वैरण खाल्लेली वगार सकाळी मान पुढे ताणून उभी आहे. तोंडातून लाळेच्या तारा लोंबत आहेत, अंगात १०४ ते १०६ अंश फॅरनहाइट ताप आहे, गळ्याखाली गरम आणि घट्ट सूज आहे, आणि प्रत्येक श्वासाला घर्रघर्र असा आवाज येतो आहे. बहुतेक वेळा अशी वगार दुसरा दिवस पाहत नाही. हा घटसर्प, म्हणजेच गळसुजी. माणसांच्या डिप्थेरियालाही मराठीत घटसर्पच म्हणतात, पण दोन्ही रोगांचे जंतू पूर्णपणे वेगळे आहेत, त्यामुळे नावावरून गोंधळून जाऊ नये.

गोठ्यात अशी घटना घडली, की ‘ही साथ आली कुठून?’ हा पहिला प्रश्न विचारला जातो. माझ्या मते तो अर्धाच प्रश्न आहे. पाश्चुरेला मल्टोसिडा हा या रोगाचा जंतू कळपातल्या काही धडधाकट गाई-म्हशींच्या टॉन्सिलमध्ये आणि नाकामागच्या घशात काहीही त्रास न देता राहत असतो. अशा जनावरांना आपण वाहक म्हणतो. पहिल्या पावसात भिजणे, उन्हाळ्यातली उपासमार, नांगरटीचा ताण, लांबचा प्रवास, यांपैकी एखादे कारण घडले आणि जनावराची प्रतिकारशक्ती खचली, की जंतू तेथेच वाढू लागतो आणि लाळेवाटे, शेंबडावाटे शेजारच्या जनावरांपर्यंत पोहोचतो. संधी मिळेपर्यंत गप्प राहणाऱ्या अशा जंतूंना संधिसाधू जंतू म्हणतात.

मात्र संधी मिळाली म्हणून कोणताही जंतू म्हैस मारू शकत नाही. त्यासाठी त्याच्याजवळ हत्यारे असावी लागतात. त्यांतले पहिले म्हणजे त्याच्या अंगावरचे बहुशर्करेचे, म्हणजे साखरेच्या लांब साखळ्यांचे आवरण. रक्तात शिरलेल्या जंतूला गिळून टाकणे हे पांढऱ्या पेशींचे काम असते, पण या आवरणामुळे त्यांना जंतूवर पकड घेता येत नाही. या आवरणाच्या प्रकारावरूनच जंतूचे गट पाडलेले आहेत: आशियातला घटसर्प ‘बी’ गटाचा जंतू घडवतो, तर आफ्रिकेत ‘ई’ गटाचाही आढळतो. कोंबड्यांचा कॉलरा बहुतांशी ‘ए’ गटामुळे होतो, आणि त्याचे आवरण तर हायलुरोनिक आम्लाचे, म्हणजे जनावराच्या स्वतःच्या ऊतींमध्ये असणाऱ्या पदार्थाचेच बनलेले असते. चोराने घरधन्याचाच सदरा घालून फिरावे, तसा हा प्रकार आहे. संशोधकांनी प्रयोगशाळेत ‘बी’ गटाच्या जंतूचे जनुक बदलून त्याला आवरणाशिवाय वाढवले, तेव्हा उंदरांना सहज मारणारा तो जंतू त्यांच्या शरीरातून साफ होऊ लागला.

दुसरी गोष्ट लोहाची. जंतूला वाढीसाठी लोह लागते, परंतु रक्तातले लोह ट्रान्सफेरिन नावाच्या प्रथिनाने घट्ट धरून ठेवलेले असते. पाश्चुरेलाच्या पृष्ठभागावर या प्रथिनाला पकडून त्यातले लोह काढून घेणारे ग्राहक (रिसेप्टर) असतात. हे काम जमले नाही, तर रक्तात शिरूनही त्याची वाढ खुंटते.

प्रत्यक्ष जीव घेते ते तिसरे हत्यार, आणि तेच सर्वांत विचित्र आहे, कारण जंतू ते वेगळे तयार करून बाहेर सोडत नाही. त्याच्या बाहेरील पटलाचाच एक घटक अंतर्विष असतो. जंतू फुटतात तसे हे अंतर्विष रक्तात मोकळे होते, शरीराची दाहाची प्रतिक्रिया अनावर होते, सूक्ष्म रक्तवाहिन्या झिरपू लागतात, रक्तदाब कोसळतो. गळ्याखालच्या सुजेला चीर दिली, तर पिवळसर पाणी येते, ते या झिरपण्याचेच. म्हशींना जंतूशिवाय नुसते शुद्ध अंतर्विष टोचले, तरी घटसर्पासारखीच लक्षणे दिसतात, असे प्रयोगांत आढळले आहे. उपचारातला वेळेचा प्रश्न येथूनच निर्माण होतो. ताप चढताच दिलेले प्रतिजैविक उपयोगी पडते. सूज येऊन श्वास घरघरू लागल्यावर जंतू मारले, तरी रक्तात आधीच मिसळलेले विष त्याने निघत नाही.

निदानासाठी रक्ताचा थेंब काचेवर पसरून लीशमन रंगाने रंगवतात. सूक्ष्मदर्शकाखाली लहान, लंबगोल जंतू दिसतात. त्यांची दोन्ही टोके गडद आणि मधला भाग फिकट असतो, अगदी मिटलेल्या सेफ्टीपिनसारखा. जनावर मरून बराच वेळ झाला असेल, तर मांस काढून टाकलेले नळीचे हाड प्रयोगशाळेत पाठवावे, कारण कुजण्याची क्रिया हाडातल्या मगजापर्यंत उशिरा पोहोचते.

हा जंतू संधीची किती वाट पाहतो, हे मे २०१५ मध्ये कझाकस्तानात दिसले. तेथील सायगा हरणांच्या शरीरात असलेला हाच ‘बी’ गटाचा जंतू नेहमीपेक्षा उष्ण आणि दमट हवेत उसळला आणि सुमारे तीन आठवड्यांत दोन लाखांहून अधिक हरणे मेली.

आपल्याकडे लस पावसाळ्यापूर्वी, मे महिन्यात टोचतात, कारण प्रतिकारशक्ती तयार व्हायला दोन ते तीन आठवडे लागतात. ती प्रतिकारशक्ती रक्तात उतरलेल्या जंतूला रोखते. टॉन्सिलच्या खोबणीत बसलेला जंतू मात्र तिच्या हाती लागेलच असे नाही, आणि रोगातून वाचलेले जनावर अनेकदा स्वतःच वाहक होऊन कळपात परतते. म्हणून गोठ्यातल्या सर्वच जनावरांना दरवर्षी लस टोचावी लागते.