घरातले किडे, घरातली विषे आणि रांगते मूल

पालकहो आणि आजी-आजोबांनो,

घरात मूल रांगू लागले की इतकी वर्षे चालवून घेतलेली झुरळे, मुंग्या आणि ढेकूण एकाएकी डोळ्यांत खुपू लागतात आणि आठवड्याभरात त्यांचा नायनाट करण्याची घाई होते. या घाईपोटी घरात जी औषधे येतात, त्यांच्याविषयी मला आज मुख्यतः बोलायचे आहे. विंचू, साप आणि डासांमुळे होणारे आजार सोडले, तर घरातला किडा मुलाला सहसा खाज आणि गांधी यांपलीकडे काही देत नाही; तो मारण्यासाठी आणलेले औषध मात्र मुलाच्या जिवावर बेतू शकते.

सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतचे मूल जमिनीलगत वावरते आणि हाताला लागेल ते तोंडात घालते. आपण ओट्याखाली मुंग्यांच्या खडूने पांढरी रेघ ओढतो, ती आपल्या पायाखाली येते, पण मुलाच्या तळहाताखाली येते आणि तिथून तोंडात जाते. शिवाय ज्या घरात थोरले भावंड पाटीवरची पेन्सिल चोरून खात असते, त्या घरात हा खडू खाऊच वाटतो. झुरळांसाठी बोरिक पावडर, कणीक आणि साखर मळून केलेल्या गोळ्यांचेही तसेच. आपण त्या सिलिंडरच्या मागे ठेवतो आणि विसरतो. रांगणारे मूल नेमके तिथेच पोहोचते.

डांबरगोळ्यांबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण त्या विषारी आहेत हेच अनेकांच्या गावी नसते. थोरल्याची झबली, दुपटी, टोपरी डांबरगोळ्या घालून ट्रंकेत ठेवलेली असतात आणि धाकट्याच्या वेळी ती काढून तशीच बाळाला घातली जातात. काही मुलांच्या रक्तात जी सिक्स पीडी नावाचे विकर जन्मतः कमी असते. अशा बाळाच्या अंगात डांबरगोळीतले नॅप्थलीन श्वासावाटे किंवा कातडीतून गेले, तरी त्याच्या तांबड्या पेशी फुटू लागतात. एक-दोन दिवसांनी लघवी काळ्या चहासारखी होते, मूल पांढरे पडते आणि कावीळ दिसू लागते. म्हणून बाळाच्या कपड्यांत ही गोळी नको, आणि ठेवलेलीच असेल तर कपडे धुऊन, उन्हात वाळवून, वास पूर्ण गेल्यावरच वापरावेत. कापूर देवघरातला असल्यामुळे तो आपल्याला निरुपद्रवी वाटतो, परंतु एक-दोन वड्या खाल्लेल्या लहान मुलाला काही मिनिटांत झटके येऊ शकतात. बाळाच्या गळ्यात कापराची पुरचुंडी बांधण्याची प्रथाही सोडून द्यावी.

डासांच्या मशीनमध्ये बसवण्याच्या बाटलीत औषध थोडे असते. उरलेले सारे रॉकेलच्या जातीचे द्रावण असते. मुलाने ती तोंडाला लावली, तर पोटात गेलेल्या औषधापेक्षा फुफ्फुसात गेलेल्या द्रावणाचा धोका मोठा असतो. अशा वेळी घरातले कोणी ना कोणी मिठाचे पाणी पाजून उलटी काढायला धावते, आणि त्या उलटीतच द्रावण श्वासनलिकेत उतरते. उलटी काढू नये. दूध, तूप, तेलही पाजू नये. डांबरगोळी आणि कापूर स्निग्ध पदार्थांबरोबर अधिक लवकर शोषले जातात. तोंडातले उरलेले बोटाने काढावे, तोंड पुसावे आणि औषधाचे वेष्टन सोबत घेऊन रुग्णालय गाठावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे, आणि दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा निःशुल्क क्रमांकही फोनमध्ये साठवून ठेवावा.

दोन वस्तूंना तर मी घराचा उंबरठाच ओलांडू देणार नाही. पहिली म्हणजे उंदरांची पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट. ती चाटलेले मूल एक-दोन दिवस खेळते-बागडते, घरचे निश्चिंत होतात आणि मग यकृत निकामी होऊ लागते. दुसरी म्हणजे धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या. दमट हवेत त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो आणि त्यावर उतारा नाही. त्या कोणीही विकत घेऊन घरात वापराव्यात याला कायद्यानेच मनाई आहे, तरी ढेकणांसाठी बंद खोलीत त्या ठेवल्याने शेजारच्या घरातली माणसे दगावल्याच्या बातम्या अधूनमधून येतातच. शेतातले कीटकनाशक ढेकणांवर फवारणे किंवा उवांसाठी मुलीच्या डोक्याला लावणे हेही याच पंक्तीतले. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना धडधाकट शेतकरी विषबाधेने दगावले, हे आपण पाहिले आहे. मग मुलांची काय कथा!

मग करायचे काय? झुरळांसाठी बाजारात जेल मिळते. त्याचा तांदळाच्या दाण्याएवढा ठिपका कपाटाच्या बिजागरीच्या आत, शेगडीच्या मागच्या फटीत, जिथे मुलाचे बोट शिरत नाही तिथे लावावा आणि त्यावर स्प्रे मुळीच मारू नये, कारण स्प्रेच्या वासाने झुरळे जेलकडे फिरकत नाहीत. ढेकणांना उष्णता सोसत नाही. आपल्या आज्या खाटेच्या खाचांत उकळते पाणी ओतत असत, ते शास्त्राला धरूनच होते. फक्त त्या वेळी मूल दुसऱ्या खोलीत असावे. चादरी गरम पाण्यात धुवाव्यात, गादीच्या शिवणींवरून वाफेचे यंत्र फिरवावे.

डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून दुपारी झोपणाऱ्या बाळालाही मच्छरदाणी हवी. तिच्या कडा गादीखाली खोचलेल्या असाव्यात. जमिनीवर झोपणाऱ्या मुलाचे अशी मच्छरदाणी रात्री मण्यारीपासूनही बऱ्यापैकी रक्षण करते. पिंप, फ्रिजमागचा ट्रे, मनीप्लँटची बाटली आठवड्यातून एकदा नुसती रिकामी करू नये, तर आतून घासावी, कारण कडेला चिकटलेली अंडी कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात. एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींमधून निघणाऱ्या कणांइतके असतात, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत आढळले होते. बंद खोलीत तान्ह्या बाळाजवळ कॉइल लावण्याविषयी याहून अधिक बोलण्याची गरज नाही. अंगाला लावायचे मलम दोन महिन्यांखालील बाळाला लावू नये आणि मोठ्या मुलाच्याही हातांना लावू नये, कारण हात तोंडात जातात.

चावलेल्या जागी साबणपाणी, गार पाण्याची घडी आणि कॅलामाइन लोशन पुरते. चुना, टूथपेस्ट, रॉकेल यांतले काहीही नको. नखे कापलेली असावीत. चावा साधाच असतो, तो खाजवून चिघळतो. रात्री खाज वाढत असेल, बोटांच्या बेचक्यांत पुरळ असेल आणि घरात आणखी कोणी खाजवत असेल, तर ते डास नव्हेत, खरूज आहे. तिचे औषध साऱ्या घराने एकाच दिवशी लावावे लागते. उवांना ओल्या केसांत बारीक फणी आणि डॉक्टरांनी दिलेले औषध पुरते, त्यासाठी मुलीचे केस भादरू नका.

मधमाशी चावली तर काटा कसाही, पण लगेच काढावा. अंगभर गांधी, ओठ सुजणे, धाप, उलटी यांपैकी काही दिसले, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता रुग्णालय गाठावे. मुलाला मांडीत ॲड्रिनलिनचे इंजेक्शन लागते.

विंचवाविषयी कोकणातल्या पालकांनी विशेष सावध असावे. लाल विंचू चावल्यावर मूल ठणकाने आक्रोश करत असेल, तर एका परीने ते बरे लक्षण असते. ठणका कमी आणि उलटी, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय, मुलग्याच्या शिश्नाला ताठरता ही लक्षणे दिसली, तर विष हृदयापर्यंत पोहोचले आहे असे समजावे. पूर्वी अशा गंभीर रुग्णांतले जवळजवळ एक तृतीयांश दगावत. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि पुढे महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी केल्या आणि रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी गोळी येथे जीव वाचवते हे १९८०च्या दशकात दाखवून दिले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. विंचवाच्या विषावर दंशानंतर द्यायचे प्रतिविषही आता उपलब्ध आहे. दंश झाल्यावर विंचू पकडून आणू नका, मंत्र घालणाऱ्याकडे जाऊ नका. दंश किती वाजता झाला आणि पहिली उलटी केव्हा झाली, एवढे डॉक्टरांना सांगा. प्राझोसिन घरी आणून ठेवावी का, असे पालक विचारतात. ठेवू नये. तिची मात्रा मुलाच्या वजनावरून ठरते, तिने रक्तदाब एकदम उतरू शकतो, आणि ती दिलेले मूल आडवे ठेवून तासागणिक तपासावे लागते, जे घरी होण्यासारखे नाही.